आबांची सोडत आणि आमची पातळ आमटी

पन्नाशी ओलांडली की माणसं माफ करायला लागतात म्हणे. कोण म्हणतं कोण जाणे. माझे गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गोड बंद झालं, पण आबांवरचा राग आहे तसा आहे, ठणठणीत. सून म्हणते, "आई, ते वारले ना आता? सोडा की." मी म्हणते, वारले तर वारले, मी कुठं त्यांना परत बोलावलंय? राग माझा आहे, तो कधी सोडायचा ते माझं मी बघीन. हे लिहायला बसले ते मन हलकं करायला बसलेले नाही. आबांच्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचे हार घातलेले फोटो पानोपानी आहेत. त्यात आमची गोष्ट कुणी छापणार नाही, म्हणून मी लिहिते.

आम्ही भोसरीच्या पुढं, मोशीच्या अलीकडं, आबांच्याच खोल्यांच्या रांगेत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. मूळचे लातूरकडचे. वडील फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होते आणि त्या हॅमरनं त्यांचे दोन्ही कान नेले होते, त्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलायचंच नाही. मीठ हवं असलं तरी शेजारच्या चार घरांना कळायचं. आई डबे करायची. चाकणला तेव्हा नव्या नव्या कंपन्या उभ्या राहात होत्या आणि आमच्याच मुलखातली पोरं कंत्राटावर आलेली, बीडची, परभणीची, धाराशिवची. फर्स्ट शिफ्टची बस नाक्यावर यायच्या आत आईचे डबे ओट्यावर रांगेत लागलेले असायचे. मला जाग यायची ती भाकरी थापल्याच्या आवाजानं. थप थप थप, मग तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्र. बारावी झाल्यावर मीही आईच्या हाताखाली लागले. शेंगदाणे भाजायचे, कुटायचे, काळं तिखट घालून आमटी उकळायला ठेवायची. त्या आमटीला अशी तर्री यायची की पोरं डबा उघडायच्या आधी नुसता वास घेत बसायची. चाकणच्या बाजारातून वडील कांद्याची गोणी आणायचे, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा प्रत्येक डब्यात असायचाच. पोरं म्हणायची, मावशी, गावाकडं आईच्या हातचं खाल्ल्यागत वाटतंय. आई वरवर म्हणायची, "गप खा रे, लोणी लावू नको," पण दिवसभर खुशीत असायची.

आईचं नाव गया. पण ते कुणी घेतलंय असं मी कधी ऐकलं नव्हतं. वडील 'अगं ए' म्हणायचे, शेजारी 'शकूची आई', पोरं 'मावशी', किराणावाला 'डबेवाली'. गया नावाची बाई आमच्या घरात राहात होती हे बहुतेक तिचं तीही विसरली होती.

आबा जुन्या गावचे. जमिनी कारखान्यांना गेल्या, पैसा आला, आणि पैसा आला की माणसाला समाजसेवा सुचते, तशी त्यांनाही सुचली. त्यांनी सेवा मंडळ काढलं. दर महिन्याला एका गुरुवारी, म्हणजे आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी असते त्या दिवशी, दुपारी मैदानात मांडव घालून मदत सोडत व्हायची. कुणाचं तरी ऑपरेशन, कुणाचं डायलिसिस, त्यासाठी कूपनं विकायची आणि शेवटी बक्षिसं काढायची. पेशंटला बायकापोरांसकट स्टेजवर खुर्चीत बसवायचे. जुगार शब्द कुणी काढला की आबा कानाची पाळी धरायचे. "जुगार न्हाई बाबांनो, दान हाय हे. नशिबानं काय मिळालं तर तो देवाचा प्रसाद." आणि त्यांची एक पद्धत होती, तीच सगळ्याचं मूळ. कूपन घेणाऱ्याचं नाव ते माईकवरून पुकारायचे. नुसतं नाव नाही, मानानं, अख्खं.

पहिल्यांदा आईनं एकच कूपन घेतलं, शेजारणींबरोबर, लाजत. आणि कर्ण्यातून आबांचा आवाज आला, "सौभाग्यवती गयाबाई ज्ञानोबा सुरवसे यांच्याकडून मदत! जोरदार टाळ्या!" मी आईच्या शेजारी बसले होते. तिनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं, आणि हसली. इतकी देखणी दिसली म्हणून सांगू! मला वाटलं, वा, आईला काहीतरी मिळालं. कसलं डोंबल मिळालं ते पुढं कळलं.

पुढच्या वेळी तिनं जास्त कूपनं घेतली, कारण जास्त घेणाऱ्याचं नाव आधी यायचं आणि दोनदा यायचं. मग मधल्या दिवसांतही ती आबांच्या टेबलापाशी जाऊन यायला लागली. यात चोरून काही नव्हतं, हीच तर गंमत. कूपनं तिनं देवाच्या फोटोपुढं ठेवलेली असायची, हळद-कुंकू वाहून. शेजारणी म्हणायच्या, शकूच्या आईचं मन मोठं. वडिलांना मी कानात ओरडून सांगितलं तर ते म्हणाले, "चांगल्या कामालाच चाललंय की!" दारू असती तर सगळी आळी मदतीला धावली असती. दानाला कोण अडवणार?

मला कळलं ते आमटीवरून. शेंगदाणे कमी पडायला लागले आणि पाणी वाढायला लागलं. काळं तिखट संपलं की आई नुसत्या लाल मिरचीवर भागवायची. कांद्याची फोड अर्धी झाली, मग दिसेनाशी झाली. बालाजी नावाचा परभणीचा पोरगा होता, तोंडानं फाटका पण मनानं चांगला. तो एक दिवस डबा उघडून म्हणाला, "मावशी, आमटीत माझं तोंड दिसायलंय. दाढी करून घेऊ का?" पोरं खो खो हसली. आईही हसली. पण डबे विसळताना तिचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. मी म्हटलं, "आई, शेंगदाण्याला पैसे नाहीत आणि कूपनाला कसे गं?" तर ती माझ्यावर उसळली. "तू काय माझा हिशोब घ्यायलीस व्हय गं? एका बाईचा नवरा वाचायलाय माझ्या पैशानं!" आणि तेही खरंच होतं. मी आबांची लबाडी शोधायला जंग जंग पछाडलं. पेशंट खोटे असतील, बक्षिसं घरातच जात असतील, काहीतरी सापडू दे रे देवा, म्हणजे या माणसाचं धोतर फेडते. काही सापडलं नाही. पेशंट खरे होते, सोडत खरी होती. चोराला पकडता तरी येतं. या माणसाचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी त्याला शिव्या घालत भांडी घासायची. एक शाप तर रोज घोकायची, "आबा, एक दिवस तुमच्याच नावाची सोडत निघू दे."

आता माझा नातू मोबाईलवर क्रिकेट बघतो तेव्हा मध्येच कुणीतरी हिरो येऊन पत्ते खेळायला बोलावतो, आणि शेवटी एक आवाज घाईघाईनं म्हणतो, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. इतकं भरभर म्हणतो की जणू त्याची बस चुकणार आहे. मी नातवाला म्हणते, ते शेवटचं वाक्य परत लाव रे, हळू लाव. आमच्या आबांकडं तेवढं वाक्यसुद्धा नव्हतं.

मग आईला बक्षीस लागलं. पहिलंच. घरघंटी! पत्र्याच्या डब्यातून पेशंटच्या बायकोनं चिठ्ठी काढली आणि आबांनी नाव पुकारलं, तेव्हा मी अक्षरशः उडी मारली. रोज डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन गिरणीत जायचं, रांगेत ताटकळायचं, ते सगळं संपणार होतं. शिवाय शेजारच्यांचं दळण घेतलं असतं तर किराणा भागला असता. मला त्या क्षणी आबांचेही पाय धरावेसे वाटले, खोटं कशाला बोलू? आई स्टेजवर गेली. घरघंटीला लाल रिबीन बांधलेली. शेजारी खुर्चीत तो पेशंट, डायलिसिसचा, पंचविशीतला पोरगा, हात सुजलेले. आणि आबांनी माईक आईच्या तोंडापुढं धरून गोड आवाजात विचारलं, "आता ताई ही घरघंटी घरी नेनार, का ह्या लेकराच्या औषधाला अर्पण करनार? आमचा आग्रह न्हाई बरं का. ताईंच्या मनाची गोष्ट हाय."

मी खालून मान हलवत होते. नको, नको, नको. आईनं त्या पोराकडं बघितलं, समोरच्या गर्दीकडं बघितलं, आणि म्हणाली, "देऊन टाकते."

बाप रे, काय टाळ्या! लोक उभे राहिले. आबांनी तिला नारळ दिला, शाल दिली, गयाबाई सुरवसे, गयाबाई सुरवसे करत नाव किती वेळा घेतलं देव जाणे. वडिलांना काहीच ऐकू गेलं नव्हतं, ते बिचारे घरघंटी उचलायला स्टेजच्या पायऱ्या चढले आणि आबांच्या माणसांनी त्यांना हसत हसत खाली उतरवलं. ते हसू मी विसरलेले नाही. आणि पुढच्या महिन्याच्या सोडतीत पहिलं बक्षीस काय होतं? तीच घरघंटी, तीच लाल रिबीन. आणि आईनं त्या महिन्यात कधी नव्हे एवढी कूपनं घेतली. का, तर घरघंटी लागावी म्हणून! स्वतःची, लागलेली, देऊन टाकलेली घरघंटी. मी त्या दिवशी मोरीत बसून रडले, आणि रडताना ठरवलं की याचा सूड घेईन तरच नावाची शकू.

आधी मात्र घर बसलं. पोरं एक एक करून दुसऱ्या खानावळीकडं गेली. भांडून नाही गेली, मान खाली घालून गेली, ते जास्त लागलं. बालाजी शेवटचा. "मावशी, राग नको धरू, पण शिफ्टमंदी चक्कर यायलीय मला," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं सवयीनं नेहमीएवढ्या भाकरी थापल्या. थापून झाल्यावर ओट्यावर पाहिलं तर डबे चार. ती त्या भाकरींच्या चवडीपुढं बसून राहिली. हात पिठाचे, तवा जळायला लागलेला. मी तवा उतरवला. ती म्हणाली, "शके, मला सुटंना झालंय गं हे."

आमच्या रांगेत शेवटच्या खोलीत कांबळे काका राहायचे. प्रेस शॉपमधून रिटायर झालेले. एके काळी दारूनं त्यांचं होत्याचं नव्हतं केलेलं, आणि आता ते विहाराच्या मागच्या हॉलमध्ये गुरुवारी सकाळी दारू सोडलेल्यांची बैठक घ्यायचे. मी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "काका, हे कूपनाचं दारूसारखं असतं का हो?"

काका म्हणाले, "घरात कालवण पातळ झालंय का?"

"झालंय."

"खोटं बोलते का?"

"आता बोलते."

"मग तसंच असतं. घेऊन ये ताईंना. चहा असतो आमच्याकडं, लेक्चर नसतं."

आई गेली. वीसेक पुरुष आणि त्यात ही एकटी बाई, डोक्यावर पदर घेऊन. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मी दारू पीत नाही. मी कूपन घेते." मागं कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी त्याला रागवलं नाही. आई पुढं म्हणाली, "बक्षिसाचं काही नाही बाबा. माझं नाव घेतात तिथं. नाव ऐकलं की मला बरं वाटतंय. मग घरी आले की परत कसंतरी होतंय." मग कुणी हसलं नाही. तो हसणाराच उठला आणि त्यानं तिला चहा आणून दिला. म्हणाला, "ताई, गुत्त्यावर मलापण शेठ म्हणायचे."

त्या बैठकीचा एक रिवाज होता. सोडायचं ठरवलं की दोन माणसं बरोबर घ्यायची, आपल्या नेहमीच्या गुत्त्यावर जायचं आणि मालकाला तोंडावर सांगायचं, मी मागितली तरी मला देऊ नको. घरी बसून शपथा घेऊन उपयोग नाही म्हणायचे. तसं आई, काका आणि मी आबांकडं गेलो. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आईनं हात जोडून सांगितलं, "आबा, मला कुपन देऊ नका. मी मागितलं तरी देऊ नका. मला सुटंना झालंय."

आबा मोठ्यांदा हसले. "अगं ताई, देनाऱ्याचा हात आमी कसा धरायचा? पाप लागंल आमाला. व्हय का न्हाई रं कांबळे?" आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कूपन काढून आईच्या हातात कोंबलं. "हे घे, आमच्याकडनं. फुकट. तुझ्यासारख्या बाईमुळं मंडळ उभं हाय." आईची मूठ मिटली. मी बघत होते, ती मिटायला नको होती पण मिटली. वाटेत मी ती उघडायला गेले तर तिनं हात मागं घेतला. त्या दिवशी माझ्या हातात काही असतं ना, तर मी आज हे तुरुंगात बसून लिहिलं असतं.

मी काकांना म्हटलं, "आता गुरुवारी मी माईक हिसकावते. सगळ्यांसमोर त्याची लाज काढते. काय काय बोलायचं ते पाठ आहे माझं." खरंच पाठ होतं. भांडी घासताना घोकलेलं, काही वाक्यं तर इथं लिहिण्यासारखीसुद्धा नाहीत. काका म्हणाले, "सूड तुला घ्यायचाय, सुटायचंय तिला. तू बोललीस तर उद्या लोक म्हणतील, बाई वेडी होती म्हणून पोरीला बोलावं लागलं. चारचौघांत सांगायचं असेल तर तिनं सांगावं." मला काकांचाही राग आला. आई मात्र ऐकत होती. रात्रीची भाकर खाताना तिनं वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "गुरुवारी मी माईकवर बोलणार हाय!"

वडिलांनी घास खाली ठेवला. "खोली त्यांची हाय," म्हणाले.

"माहीत हाय मला!" आई ओरडली. "खोल्या लई हायत. पाऊस पडंल तिथं डोकं झाकू!"

खोली गेलीच नंतर. महिना संपायच्या आत आबांच्या माणसानं, मुलाचं लग्न आहे, जागा लागणार, असं गोड शब्दांत सांगितलं आणि आम्ही टेम्पोत भांडी भरून चाकणकडं आलो. ते होणार हे तिघांनाही आधीच माहीत होतं.

गुरुवारी मैदान भरलेलं. स्टेजवर नवा पेशंट, नवं बक्षीस. टेबलापुढं बायकांची रांग. आबा माईकवर नावं पुकारत होते. आई आली तसे ते खुलले. "आल्या! गयाबाई सुरवसे आल्या! या ताई, दोन शब्द बोला, बाकीच्यांना हुरूप यील." माईक त्यांनी स्वतः होऊन दिला, हे मी मुद्दाम लिहिते. हिसकावला नाही कुणी.

आईनं माईक दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, "मी गयाबाई. डबेवाली. मला कुपनाचं येसन लागलंय. कुणाला दारूचं असतंय, मला ह्याचं हाय. पोरांच्या तोंडचे शेंगदाणे इकून मी नाव पुकारून घेतलंय. आजपासून मला कुणी कुपन देऊ नका. मी पाया पडून मागितलं तरी देऊ नका. आबा, तुमाला घरी येऊन सांगितलं, तुमी ऐकलं नाही. म्हणून हितं सांगायले." आणि ते फुकटचं कूपन तिनं पोलक्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात मांडवातून वडिलांचा आवाज आला, "काय म्हणली ती?" मी त्यांच्या कानाला लागले. माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं होतं, पण गळा मोकळा होता. मी आईचं बोलणं शब्दन् शब्द ओरडून सांगितलं, जरा जास्तच हळूहळू, जरा जास्तच मोठ्यानं. "तुमी ऐकलं नाही" हे तर दोनदा सांगितलं. आबा माझ्याकडं बघत होते. बघू दे. रांगेतली एक म्हातारी हातातले पैसे परत कनवटीला लावून बाजूला झाली. बाकीच्या तिथंच उभ्या राहिल्या, पण टेबलाकडं कुणी सरकेना.

आबा काय कच्चे नव्हते. आयुष्य स्टेजवर गेलेलं. त्यांनी तोंडभर हसू आणलं, माईकशिवायच म्हणाले, "वा ताई, वा! याला म्हनत्यात धाडस!" आणि स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सवयीनं चार माणसं वाजवायला लागली, मग दहा, मग सगळा मांडव. मी आईच्या तोंडाकडं पाहिलं, तर तिथं ते पहिल्या दिवसाचं हसू यायला लागलं होतं. आलंच होतं जवळजवळ. मग तिनं माईक परत तोंडाजवळ नेला.

"टाळ्या नका वाजवू बाबांनो," ती म्हणाली. "ह्याच्यानंच माझं घर बसलंय."

टाळ्या थांबल्या. सगळ्यात शेवटी आबांच्या थांबल्या, आणि मी त्यांचं तोंड डोळे भरून पाहून घेतलं.